आवर्ती ठेवीचे चक्रवाढ व्याज कसे काढावे: मांडणीपासून ताळ्यापर्यंत

मालवणच्या किनाऱ्यालगत एका महिला बचत गटाच्या बैठकीत मासळी विकणाऱ्या एका काकींनी माझ्यापुढे वहीचा कागद ठेवला. दरमहा १,००० रुपये, ६० महिने, ६.७ टक्के, आणि खाली दोनदा गोल केलेला ८३,६४४ हा आकडा. पोस्टात खाते उघडण्यापूर्वी त्यांना एवढेच विचारायचे होते, ‘‘पाच वर्सांनी इतके गावतले मां?’’ कागदावरचा गुणाकार बिनचूक होता, पण मांडणी चुकली होती. त्या हप्त्यांचे पाच वर्षांनी प्रत्यक्षात सुमारे ७१,३६६ रुपये होतात.

काकींनी ६० हप्त्यांची ६०,००० रुपये ही बेरीज आधी केली आणि त्या सगळ्या रकमेवर पाच वर्षांचे चक्रवाढ व्याज लावले. हे एकरकमी मुदत ठेवीचे गणित आहे. हप्त्याच्या म्हणजे आवर्ती ठेवीत पहिल्या दिवशी फक्त १,००० रुपये असतात आणि शेवटचे १,००० रुपये जेमतेम एक महिना राहतात. आंब्याचा हंगाम उरकून हातात चार पैसे आले की लोक ठेवीचा विचार करू लागतात आणि दरवर्षी हीच चूक माझ्यासमोर येते. म्हणून हा हिशेब येथे टप्प्याटप्प्याने, प्रत्येक ठिकाणी ताळा पाहत मांडला आहे. कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर जवळ घेऊन वाचावे.

टप्पा १: गणिताला हात लावण्यापूर्वी पाच गोष्टी लिहून घ्या

हप्त्याची रक्कम, वार्षिक व्याजदर आणि हप्त्यांची संख्या या तीन गोष्टी सगळेच लिहितात. राहून जातात त्या उरलेल्या दोन: व्याज किती महिन्यांनी मुद्दलात मिळवले जाते आणि हप्ता महिन्याच्या कोणत्या तारखेपर्यंत भरायचा असतो. उत्तर चुकते ते बहुधा या दोन गोष्टी न विचारल्यामुळे.

पोस्टाच्या आवर्ती ठेवीत हप्ता किमान १०० रुपये आणि पुढे १० रुपयांच्या पटीत असतो, मुदत पाच वर्षांची म्हणजे ६० हप्त्यांची असते आणि व्याज दर तिमाहीला चक्रवाढ होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेला ६.७ टक्के हा दर मी पुढील सर्व उदाहरणांत धरला आहे. अल्पबचतीचे दर सरकार दर तिमाहीला तपासते, त्यामुळे खाते उघडण्याच्या दिवशीचा दर खिडकीवर विचारून घ्यावा. एकदा खाते उघडले की त्या दिवशीचा दर पाचही वर्षे कायम राहतो.

हप्त्याची तारीखही येथेच ठरते. खाते महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडले असेल तर पुढचा प्रत्येक हप्ता त्या त्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो आणि १६ तारखेपासून पुढे उघडले असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मुदत असते.

बँकांच्या आवर्ती ठेवीतही व्याज सामान्यतः तिमाहीनेच चक्रवाढ होते. पतसंस्थेत मात्र हे गृहीत धरू नये. तेथे ‘‘व्याज सरळ आहे की चक्रवाढ, आणि चक्रवाढ असेल तर किती महिन्यांनी?’’ हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा आणि उत्तर लिहून घ्यावे. नुसता दर जास्त दिसला म्हणून पतसंस्थेची बँकेशी तुलना करू नये, कारण बँकेतील ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत असलेले विम्याचे संरक्षण पतसंस्थेतील ठेवींना नसते.

*सावधान:* ६.७ टक्के हा वर्षाचा दर आहे. तिमाहीसाठी त्याला ४ ने भागावे: ६.७ ÷ ४ = १.६७५ टक्के, म्हणजेच ०.०१६७५. हा आकडा १.७ करून घेऊ नये.

टप्पा २: आधी कुंपण घाला

खरे उत्तर काढण्यापूर्वी ते कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये पडले पाहिजे हे ठरवून ठेवावे. हा टप्पा लोक गाळतात, पण पुढची प्रत्येक मोठी चूक पकडली जाते ती यामुळेच.

पहिला हप्ता ६० महिने राहतो, दुसरा ५९ महिने, असे करत साठावा एक महिना. ६० पासून १ पर्यंतच्या आकड्यांची बेरीज ६० × ६१ ÷ २ = १,८३० येते. म्हणजे या खात्यातील सर्व हप्त्यांचे मिळून व्याज १,००० रुपये १,८३० महिने ठेवल्याइतके. सरळव्याजाने ते १,००० × १,८३० × ०.०६७ ÷ १२ = १०,२१७.५० रुपये होते.

आता कुंपण तयार झाले. चक्रवाढ व्याज सरळव्याजापेक्षा कमी असूच शकत नाही, म्हणून उत्तर ७०,२१७.५० च्या वरच हवे. आणि सगळी रक्कम पहिल्या दिवशीच भरली असती तर ८३,६४४ झाले असते, म्हणून उत्तर त्याच्या बरेच खाली हवे. पाच वर्षांसारख्या लहान मुदतीत ते खालच्या कुंपणाजवळच पडते.

*ताळा:* तुमचे उत्तर या दोन आकड्यांच्या बाहेर गेले तर पुढे जाऊ नये. बहुतेक वेळा वार्षिक दर तिमाहीला लावलेला असतो, किंवा हप्ते ६० ऐवजी २० धरलेले असतात.

टप्पा ३: एका तिमाहीचा हिशेब नीट बसवा

एका तिमाहीत तीन हप्ते पडतात. तिमाही संपेपर्यंत पहिला तीन महिने राहिलेला असतो, दुसरा दोन महिने, तिसरा एक महिना. तिमाहीच्या आत व्याज मुद्दलात मिळत नाही असे धरून या तीन हप्त्यांवर सरळव्याज काढावे:

१,००० × (३ + २ + १) × ०.०६७ ÷ १२ = ३३.५० रुपये

म्हणजे प्रत्येक तिमाहीत खात्यात ३,००० रुपये हप्त्यांचे आणि ३३.५० रुपये त्यांच्या व्याजाचे, असे ३,०३३.५० रुपये नव्याने येतात. हा आकडा वीसही तिमाहींत तोच राहतो. बदलते ते मागील शिलकीवरचे व्याज. पहिल्या वर्षाच्या चार ओळी मी पूर्ण लिहून दाखवतो; वाचकाने त्या स्वतःच्या हाताने पुन्हा लिहाव्यात.

पहिली तिमाही: मागील शिल्लक ०, अखेर ३,०३३.५०
दुसरी तिमाही: ३,०३३.५० × ०.०१६७५ = ५०.८१, अखेर ३,०३३.५० + ५०.८१ + ३,०३३.५० = ६,११७.८१
तिसरी तिमाही: ६,११७.८१ × ०.०१६७५ = १०२.४७, अखेर ९,२५३.७८
चौथी तिमाही: ९,२५३.७८ × ०.०१६७५ = १५५.००, अखेर १२,४४२.२८

दुसऱ्या ओळीतील ५०.८१ मध्ये पन्नास रुपये पंचवीस पैसे हे ३,००० च्या मुद्दलावरचे आहेत आणि उरलेले छप्पन्न पैसे आधीच्या ३३.५० रुपये व्याजावरचे. चक्रवाढ म्हणतात ती हीच. सुरुवातीला ती पैशांत मोजावी लागते.

*येथे होणारी चूक:* तीनही हप्त्यांवर पूर्ण तीन महिन्यांचे व्याज धरणे. तसे केले तर तिमाहीचे व्याज ३३.५० ऐवजी ५०.२५ येते आणि वीस तिमाहींत फरक शेकडो रुपयांचा होतो.

टप्पा ४: वर्षावर वर्ष चढवा

वीस ओळी लिहिण्याची गरज नाही. तिमाहीला १.६७५ टक्के चार वेळा चढले की वर्षाचा गुणक १.०१६७५ × १.०१६७५ × १.०१६७५ × १.०१६७५ = १.०६८७०२ येतो. याचा अर्थ असा की कागदावर ६.७ टक्के असलेला दर वर्षअखेर ६.८७ टक्क्यांइतका पडतो. आता दरवर्षी एकच कृती करायची: मागील वर्षअखेरची शिल्लक १.०६८७०२ ने गुणावी आणि तीत नव्या वर्षाचे १२,४४२.२८ मिळवावे. पूर्ण रुपयांत ती अशी दिसते:

पहिल्या वर्षाअखेर: १२,४४२ (त्या वर्षाचे व्याज ४४२)
दुसऱ्या वर्षाअखेर: २५,७३९ (व्याज १,२९७)
तिसऱ्या वर्षाअखेर: ३९,९५० (व्याज २,२११)
चौथ्या वर्षाअखेर: ५५,१३७ (व्याज ३,१८७)
पाचव्या वर्षाअखेर: ७१,३६७ (व्याज ४,२३०)

कंसातील आकडे वरपासून खालपर्यंत पाहावेत. एकूण व्याज ११,३६७ रुपये आणि त्यातील एक तृतीयांशाहून अधिक एकट्या पाचव्या वर्षात आले. गणपतीचा खर्च किंवा मुलाची फी अंगावर आली म्हणून चौथ्या वर्षी खाते मोडणाऱ्यांना हे कोणी सांगितलेले नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. पोस्टाचे आवर्ती खाते तीन वर्षांनंतर बंद करता येते, पण मुदतीच्या एक दिवस आधी जरी बंद केले तरी व्याज बचत खात्याच्या दराने, म्हणजे ४ टक्क्यांनी मिळते. एकोणसाठ हप्ते भरून महिनाभर आधी खाते मोडले तर त्या दराने व्याज ढोबळमानाने ५,९०० रुपयांच्या आसपास बसते. तसा प्रसंग आलाच, तर खाते मोडण्यापूर्वी खात्यावरील कर्जाची चौकशी करावी; बारा हप्ते भरलेले आणि वर्ष पूर्ण झालेले असेल तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते.

टप्पा ५: सूत्राने पडताळा

वरचे सगळे एका ओळीत असे मांडता येते:

३,०३३.५० × (१.०१६७५ चा विसावा घात − १) ÷ ०.०१६७५

विसावा घात म्हणजे १.०१६७५ हा आकडा वीस वेळा मांडून केलेला गुणाकार. साध्या कॅल्क्युलेटरवर १.०१६७५ टाकून गुणाकाराची कळ दाबावी आणि मग बरोबरची कळ दाबत जावी. पहिल्या दाबाला १.०३३७८०५ आले तर तो दुसरा घात आहे, म्हणजे एकूण १९ वेळा दाबले की विसावा घात मिळतो. काही कॅल्क्युलेटरांत यासाठी गुणाकाराची कळ आधी दोनदा दाबावी लागते. मोजताना चुकायला होते, म्हणून तिसऱ्या दाबाला १.०६८७०२ दिसते का ते पाहावे. हा आपला वर्षाचा गुणक आहे. शेवटी १.३९४०६६९ यायला हवे.

पुढे १.३९४०६६९ − १ = ०.३९४०६६९, त्याला ०.०१६७५ ने भागले की २३.५२६३८, आणि त्याला ३,०३३.५० ने गुणले की ७१,३६७.२८.

*सावधान:* मधल्या पायरीवर दशांश तोडू नयेत. विसावा घात १.३९ असा आटोपशीर लिहिला तर उत्तर ७०,६३१ येते. पाच अंक कमी लिहिल्याने ७३६ रुपये गेले. पैशांची पूर्णांकात मांडणी फक्त शेवटच्या ओळीवर करावी.

बँकांच्या तक्त्यांत याच ठेवीचे उत्तर ७१,३६६ दिसेल. आपल्या ७१,३६७ शी त्याचा दीड रुपयाइतका फरक पडतो, कारण तक्त्याच्या सूत्रात तिमाहीच्या आतील एक-दोन महिन्यांसाठीही सरळव्याजाऐवजी घातांकाने व्याज काढलेले असते. एवढ्या फरकाने कोणाचीही चूक झाली असे समजू नये. फरक पन्नास-शंभर रुपयांचा असेल तर मात्र कारण शोधावे आणि ते बहुधा पुढील टप्प्यात सापडते.

टप्पा ६: मोबाइलवरचा आकडा तपासून घ्या

मोबाइलवरील गणकात हप्ता, दर आणि महिने टाकले की उत्तर येते, पण आत कोणते सूत्र आहे ते पडद्यावर दिसत नाही. त्याच १,००० रुपयांसाठी मी पाहिलेले निरनिराळे आकडे आणि त्यांची कारणे लक्षात ठेवण्याजोगी आहेत.

७१,४३६ आले तर गणकाने व्याज दरमहा चक्रवाढ केले आहे. एसआयपीसाठी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा हप्त्याने गुंतवण्यासाठी, बनवलेले गणक सामान्यतः असेच चालतात. ७०,९७२ आले तर हप्ता महिन्याच्या शेवटी भरला असे धरले आहे, म्हणजे प्रत्येक हप्त्याचा एक महिना कापला गेला आहे. ७०,२१८ आले तर ते नुसते सरळव्याज आहे. आणि ८३,६४४ आले तर तो मुदत ठेवीचा गणक आहे.

संगणकावर एक्सेल वापरणाऱ्यांनी एफव्ही (FV) हे फंक्शन घ्यावे. त्यात पाच जागा क्रमाने भरायच्या असतात: दर, हप्त्यांची संख्या, हप्ता, सुरुवातीची रक्कम आणि हप्ता महिन्याच्या सुरुवातीला की शेवटी. येथे दराच्या जागी ०.०६७/१२ लिहिणे ही सर्वांत वारंवार होणारी चूक आहे, कारण त्याने चक्रवाढ मासिक होते. तिमाही चक्रवाढीसाठी (१+०.०६७/४)^(१/३)−१ असे लिहावे. संख्या ६०, हप्ता −१०००, सुरुवातीची रक्कम ० आणि शेवटच्या जागी १. ही शेवटची जागा मोकळी सोडली तर संगणक ० धरतो आणि हप्ता महिन्याच्या शेवटी नेऊन ठेवतो.

म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत दर ठरलेला नसतो. तेथे १२ टक्के टाकून आलेला आकडा हा अंदाज असतो. आवर्ती ठेवीच्या उत्तराशेजारी तो खात्रीची रक्कम म्हणून लिहू नये.

टप्पा ७: पावसाळ्यातील हप्ते हिशेबात घ्या

वरचे सर्व गणित साठही हप्ते वेळेवर भरले असे धरते. आपल्या किनाऱ्यावर जून आणि जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि ज्यांच्या घरी होडीवर संसार चालतो त्यांचे नेमके हेच हप्ते राहतात. पोस्टात राहिलेल्या हप्त्यावर दर १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया दंड असतो. जून आणि जुलैचे १,००० चे दोन्ही हप्ते ऑगस्टमध्ये भरले तर जूनच्या हप्त्याचे २० आणि जुलैच्या हप्त्याचे १०, असे ३० रुपये जातात. पाच वर्षे असेच चालले तर १५० रुपये. रक्कम मोठी नाही, पण चार हप्ते राहिले की खाते खंडित होते आणि चौथ्या चुकीपासून दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा सुरू केले नाही तर त्यात पुढे भरणाच करता येत नाही. धोका दंडाचा नसून याचा आहे.

यावर सरळ उपाय म्हणजे मे महिन्यातच जून-जुलैचे हप्ते आगाऊ भरून टाकणे. आगाऊ हप्त्यावर जादा व्याज मिळत नाही, मुदतपूर्तीची रक्कम तीच राहते. मात्र सहा हप्ते एकदम भरल्यास दर १०० रुपयांच्या हप्त्यामागे १० रुपये आणि बारा भरल्यास ४० रुपये सूट मिळते. १,००० च्या हप्त्याला ती अनुक्रमे १०० आणि ४०० रुपये होते. देवगड-रत्नागिरीकडील बागायतदारांचा वर्षाचा पैसा हापूसच्या दोन-तीन महिन्यांतच हाती येतो. त्यांनी बारा हप्त्यांचा विचार जरूर करावा आणि ही सूट व्याजात न मिसळता वेगळ्या ओळीवर लिहावी.

टप्पा ८: पीपीएफला हे सूत्र लावू नका

हप्त्याने भरता येते म्हणून पुष्कळ जण सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीलाही तिमाहीचे सूत्र लावतात. तेथे व्याज दरमहा मोजले जाते, पण मुद्दलात मिळते वर्षातून एकदा, ३१ मार्चला. शिवाय महिन्याच्या ५ तारखेनंतर ते अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावरच व्याज धरतात. १ एप्रिल २०२० पासूनच्या ७.१ टक्के दराने दरमहा १,००० रुपये ५ तारखेच्या आत भरले तर पहिल्या वर्षाचे व्याज १,००० × ७८ × ०.०७१ ÷ १२ = ४६१.५० येते, ७८ ही १२ पासून १ पर्यंतची बेरीज. तेच पैसे दर महिन्याच्या ६ तारखेला भरले तर बेरीज ६६ उरते आणि व्याज ३९०.५०. दर बदलला नाही असे धरल्यास पंधरा वर्षांनी पहिल्या पद्धतीने ३,१५,५६८ आणि दुसऱ्या पद्धतीने ३,१३,७७० रुपये होतात. वर्षाचे १२,००० रुपये ५ एप्रिलच्या आत एकदम भरणाऱ्याला ३,२५,४५७ मिळतात.

टप्पा ९: उलटा हिशेब

बहुतेकांचा खरा प्रश्न ‘किती मिळतील’ हा नसतो. कौले उतरवून छप्पर नवे करायचे आहे, त्यासाठी अमुक रक्कम हवी, तर हप्ता किती, हा असतो. यासाठी एका रुपयाच्या हप्त्याचे पाच वर्षांनी किती होतात ते काढून ठेवावे. ६.७ टक्क्यांनी, बँकांच्या तक्त्याच्या सूत्राने, तो आकडा ७१.३६५८ आहे. हव्या असलेल्या रकमेला याने भागावे आणि आलेला हप्ता दहाच्या पटीत वर न्यावा. १,००,००० साठी १,४०१.२३ येतात. ते खाली आणून १,४०० केले तर ९९,९१२ मिळतात आणि ८८ रुपये कमी पडतात. म्हणून १,४१० धरावेत.

*ताळा:* ठरवलेला हप्ता ७१.३६५८ ने पुन्हा गुणून हवी ती रक्कम ओलांडली जाते का ते पाहावे. व्याज उत्पन्नात धरले जाते, त्यामुळे कराच्या कक्षेत येणाऱ्यांनी हव्या असलेल्या रकमेत कराची रक्कम आधीच मिळवून घ्यावी.

काकींना छपरासाठी तेच ८३,६४४ रुपये हवे होते. आम्ही कागद उलटा करून मागच्या बाजूला भागाकार मांडला: १,१७२.०५. दहाच्या पटीत वर नेऊन हप्ता १,१८० ठरला, त्याचे पाच वर्षांनी सुमारे ८४,२१२ होतात. खाते उघडण्याच्या अर्जावर त्यांनी १,००० च्या जागी १,१८० लिहिले.